डावा हात आता भात्यावर नाही

पत्र : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहतो, वय ४७. शाळेपासून पेटी वाजवतो. ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत परीक्षा दिल्या, पुढे आमच्या भजनी मंडळात बरीच वर्षं साथ केली. रॉकची गोडी होस्टेलवर लागली, खोलीतल्या मित्राच्या कॅसेटी ऐकून. गेल्या दिवाळीत ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि शिकायच्या गाण्यांची यादी केली : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेट इट बी’ आणि मुलीच्या आवडीचं ‘क्लॉक्स’. व्हिडिओ बघून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुरू केलं. चार महिने झाले, दुसऱ्या मिनिटाच्या पुढे सरकत नाही. ‘लेट इट बी’ मात्र उजव्या हाताने संपूर्ण येतं. ते ऐकून मुलगी म्हणाली, “बाबा, हे भजनासारखं का वाटतंय?” खरं सांगतो, लागलं मनाला. माझी गाणी चुकली की मीच चुकीचं वाद्य घेतलं? आधी वेस्टर्न क्लासिकलच्या परीक्षा द्याव्यात का?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मीही मिरजेत वडिलांच्या पेटीशेजारी बसून सूर शिकले आणि पियानोकडे फार उशिरा आले, त्यामुळे तुमचं दुखणं मला बाहेरून समजावून घ्यावं लागलं नाही.

वाद्य बरोबर घेतलंय, ते विकू नका. परीक्षांची अट स्वतःवर घालू नका. गाणी निवडताना मात्र एक प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि तो मुलीच्या बोलण्यात दडलेला आहे.

तिला जे ऐकू आलं ते अगदी खरं आहे. पेटीची साथ म्हणजे गायक जे गातो त्याच्या मागोमाग जाणं. ओळ संपली की तीच ओळ आपण बोटांनी पुन्हा म्हणतो, गायकाला श्वास घ्यायला जागा देतो. सगळं काम उजव्या हाताचं. डावा हात भात्यावर. ‘लेट इट बी’ घेतल्यावर तुम्ही साहजिकच गायकाची चाल उचललीत आणि पेटीसारखी वाजवलीत. पण मूळ रेकॉर्डवर बीटल्सचा पॉल मॅकार्टनी पियानोवर ती चाल वाजवतच नाही. चाल तो गातो. पियानो खाली जमीन घालतो, एकेका मात्रेला एकेक पाऊल टाकत. तुमच्या वाजवण्यात सूर सगळे बरोबर असणार, याची मला खात्री आहे. जमीन नव्हती, एवढंच.

म्हणून गाणं निवडण्याआधी हेडफोन लावून रेकॉर्ड ऐका आणि स्वतःला विचारा : इथे पियानो काय करतोय? ऐकता ऐकता फक्त पियानो गुणगुणता आला, तर ते गाणं तुमच्या यादीत राहील. पियानो सापडलाच नाही, तर गाणं कितीही आवडतं असलं तरी ते आधी दुसऱ्या वाद्यावर जन्मलंय, आणि तुम्हाला त्याचं भाषांतर करावं लागणार आहे. ते पुढे जमेल. पहिल्या वर्षी नको.

दुसरी गोष्ट, गाणं सोपं की अवघड हे उजव्या हातावरून ठरवू नका. तुमचा उजवा हात तीस वर्षांचा आहे आणि डावा जेमतेम काही महिन्यांचा. ज्या गाण्यात डाव्या हाताला थोडंच पण ठाम काम आहे, ते तुमच्यासाठी सोपं. उजव्या हाताला दोनच सूर असले आणि डावा इकडून तिकडे धावत असला, तर ते अवघड, मुखपृष्ठावर ‘ईझी’ लिहिलेलं असलं तरी. अशा सोप्या पुस्तकांत एक धोकाही असतो : बहुतेकांत गायकाची चाल उजव्या हातात दिलेली असते. तुमच्या हाती तसं पुस्तक आलं, की मुलगी पुन्हा तेच म्हणणार. नोटेशन घेताना रेकॉर्डवरचा पियानो जसाच्या तसा लिहिलेलं शोधा. ते मिळालं नाही, तर शब्दांच्या वर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीची, नावं असलेला साधा कागद घ्या. तुमच्या कानाला तो पुरेल.

आता तुमची यादी एकेक करून घेऊ.

‘लेट इट बी’पासूनच सुरुवात करा, पण शून्यापासून. १९७० चं हे गाणं पांढरी एकमध्ये आहे, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी हा त्याचा सा. मुख्य कॉर्ड चार : सी, जी, ए मायनर, एफ. तुमच्या भाषेत सांगायचं तर सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग, म-ध-सा. पेटीवर आपला सा कायम असतो, तंबोरा सतत त्याची आठवण करून देतो. इथे सूर तेच राहतात आणि त्यांच्या खालची जमीन सरकते. वरचा सा तसाच ठेवून खाली एकदा सा वाजवा, मग ध, मग म. तोच सूर तीन वेगळ्या घरांत बसल्यासारखा ऐकू येईल. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी तासभर तेवढंच वाजवत बसले होते. पाश्चात्त्य संगीताची अर्धी गंमत माझ्या मते इथे आहे, आणि राग शिकलेल्या माणसाला ती जरा जास्तच लागते, कारण आपल्या कानाला प्रत्येक सुराचं सा-शी असलेलं नातं आधीच पाठ असतं.

पहिला आठवडा फक्त डावा हात. खालचे सूर एकेक, करंगळीने, मेट्रोनोमवर, संथ. त्यात म-ग-रे-सा असा उतरणारा छोटा तुकडा येतो, तो गाण्याची सही आहे. तो दोन्ही हातांनी एकत्र उतरतो तेव्हा घाई करू नका. दुसऱ्या आठवड्यात उजव्या हाताचे कॉर्ड, प्रत्येक मात्रेला एक, ठेक्यासारखे. चाल वाजवायचा मोह होईल. तेव्हा ती गा. गळा चांगला नसला तरी चालेल, भजनी मंडळात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ओळ धरता येतेच. गाताना हात चुकायला लागले, की समजा आता खरं शिकणं सुरू झालंय.

पेडलबद्दल, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायाखालच्या पट्टीबद्दल, दोन शब्द, कारण पेटीवाल्यांची ही हमखास चूक असते. भाता चालू असेपर्यंत पेटीचा सूर टिकतो, फुगतोही. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. ते विरणं सहन न होऊन आपण पेडल दाबतो आणि सोडतच नाही. मग सी आणि जी एकमेकांत मिसळून चिखल होतो. नवा कॉर्ड वाजला की पेडल उचला आणि लगेच पुन्हा दाबा, हे पायाला वेगळं शिकवावं लागतं. रोज पाच मिनिटं, फक्त दोन कॉर्ड आणि पाय.

यानंतर मुलीच्या आवडीचं ‘क्लॉक्स’. कोल्डप्लेचं २००२ सालचं हे गाणं मी पेटीवाल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम देते. पट्टी काळी दोन, म्हणजे तुमच्या सवयीची. उजव्या हातात वरून खाली येणारे तीन-तीन सूर आहेत : आधी वरचा सा, प, ग, मग कोमल नी, प, रे, हाच तुकडा पुन्हा एकदा, आणि शेवटी ध, म, रे. चार आवर्तनांत सगळी रचना संपते आणि फिरत राहते. शुद्ध गंधार आणि कोमल निषाद एकत्र आलेत, म्हणजे सूर खमाज थाटाचे. हे तुम्ही मुलीला वाजवून दाखवा, तिला ऐकायला आवडेल. एका आवर्तनात आठ झटपट मात्रा आहेत, केरव्याच्या हिशेबाने मोजता येतील, पण त्यांची विभागणी चार-चार अशी नाही. एकदोनतीन, एकदोनतीन, एकदोन. गाण्याचा सगळा वेग या तीन-तीन-दोनमधून येतो. टाळीवर आठ मोजत बोटांनी तीन-तीन-दोन साधलं, की उजवा हात तयार. डाव्या हाताला सुरुवातीला फक्त खालचे सूर द्या : सा, प, प, रे.

एक विनंती. तुमच्या पियानोला ट्रान्सपोजचं बटण असेल, स्केलचेंज पेटीसारखंच. शिकताना ते वापरू नका. ‘क्लॉक्स’ पांढऱ्या पट्ट्यांवर ओढून आणलं तर सोपं दिसतं, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं जी उंच-सखल बसतात त्यावरच हात ती वाट लक्षात ठेवतो. गायकासाठी पट्टी बदलायची असेल तेव्हा बटण जरूर दाबा.

‘स्मोक ऑन द वॉटर’ यादीतून काढा, असं मी म्हणणार आहे. तुम्हाला वाईट वाटेल. डीप पर्पलचं १९७२ मधलं हे गाणं मलाही प्रिय आहे. पण ती प्रसिद्ध सुरावट तुमच्या हाताला पहिल्या संध्याकाळीच येईल आणि दुसऱ्या संध्याकाळी करायला काही उरणार नाही. तिचं वजन गिटारच्या करकरीत, लांबत जाणाऱ्या आवाजात आहे. त्या बँडमध्ये जॉन लॉर्डसारखा मोठा कीबोर्डवादक होता, आणि तोसुद्धा इथे गिटारच्या जोडीने तीच सुरावट हॅमंड ऑर्गनवर वाजवतो, तोही गिटारच्या अँप्लिफायरमधून करकरीत केलेल्या आवाजात. साध्या पियानोवर तेच सूर कोरडे पडतात.

त्याच्या जागी बिली जोएलचं ‘पियानो मॅन’ घ्या, १९७३ चं. तीन-तीन मात्रांचं वजन आहे, दादऱ्याचा झोका असलेल्या माणसाला ते लगेच अंगात भिनतं. पट्टी पांढरी एक. आणि डाव्या हातात काय आहे बघा : सा, नी, ध, प, म, ग, रे आणि मग प. चक्क अवरोह! रोज सकाळी तुम्ही पलट्यांमध्ये जे उजव्या हाताने केलंत, तेच आता डाव्याने करायचंय, एका आवर्तनाला एक सूर. या एका गाण्याने डाव्या हाताला जेवढी हिंमत येते तेवढी महिनाभराच्या कोरड्या सरावाने येत नाही, असा माझा अनुभव आहे. उजव्या हाताने त्या उतरणाऱ्या सुरांवर कॉर्ड ठेवत गेलात, की कॉर्डच्या तळाशी नेहमी त्याचाच मूळ सूर असावा लागत नाही, हेही आपोआप कळेल.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’बद्दल तुमचं मन मोडणार नाही. ईगल्सचं हे गाणं गिटारचंच आहे, पण गिटारचंही दोन प्रकारचं काम असतं. एक, कॉर्डचे सूर सुटे करून एकामागून एक छेडणं. हे पियानोला छान जमतं. अॅनिमल्स या बँडच्या १९६४ मधल्या ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ची सुरुवातीची गिटार पियानोवर जवळजवळ जशीच्या तशी उतरते, ती यासाठीच. दुसरं काम म्हणजे तार ओढून सूर चढवणं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पियानोचीही तीच मर्यादा. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटार एकमेकींशी बोलतात, तो भाग सगळा तारेच्या ओढीवर उभा आहे. पियानोवर त्यातले सूर उरतात, जीव जातो. तेव्हा कडव्याचे आठ कॉर्ड घ्या : बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, पुन्हा एफ शार्प. डाव्या हातात मूळ सूर, उजव्यात सुटे सूर, वर तुमचा आवाज. शेवटच्या सोलोच्या जागी हेच आठ कॉर्ड हळूहळू विरत नेऊन थांबा. कोणी विचारलं तर सांगा, तो भाग गिटारचा आहे.

आणि आता ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. चार महिने वाया गेले, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या ओळींमधून ते जाणवलं. क्वीनचं १९७५ मधलं हे गाणं जवळपास सहा मिनिटांचं, आणि त्यात मुळात चार-पाच गाणी एकाला एक जोडलेली आहेत. आधी समूहस्वर, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग ऑपेरासारखा भाग, मग दणदणीत रॉक, मग पुन्हा शांत शेवट. ऑपेराचा भाग आवाजांवर आवाज चढवून बनवलाय. एकट्या पियानोने तो सगळा पेलायचा हट्ट कशाला धरायचा? खरं पियानोचं रत्न म्हणजे समूहस्वरानंतरचा दीड-पावणेदोन मिनिटांचा संथ भाग. पट्टी काळी पाच. त्यात डावा हात उजव्यावरून पलीकडे जाऊन वरचे सूर टिपतो आणि परत येतो. व्हिडिओत पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांवरून हे कधीच कळत नाही, कारण तिथे कुठली पट्टी दाबायची एवढंच दिसतं, कोणत्या हाताने कुठून यायचं ते दिसत नाही. तुम्ही अडलात ते याच वळणावर, असा माझा अंदाज आहे. हे हात ओलांडणं ‘पियानो मॅन’नंतर करा. पहिल्या चार कॉर्डांपुरतंच : बी फ्लॅट, जी मायनर, सी मायनर, एफ. ते झोपेतही यायला लागलं, की पुढे.

हे गाणं तुम्हाला का सोडवत नाही, ते मला समजतं. फ्रेडी मर्क्युरी १९४६ मध्ये झांजिबारला एका पारशी घरात जन्मला, पण पियानो शिकला तो आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहत असताना. शाळेतल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. पाचगणीला गेले की त्या धुक्यात, त्या सिल्व्हर ओकच्या झाडांखाली, कुठल्यातरी वर्गात एक मुलगा पियानोवर बसलाय हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतंच. त्यामुळे हे गाणं यादीत शेवटी ठेवा, पण ठेवा.

यादी लहान वाटली तर जॉन लेननचं १९७१ चं ‘इमॅजिन’ घाला. तेही पांढरी एकमध्ये, आणि त्यात दोन कॉर्डांच्या मध्ये ध, कोमल नी, शुद्ध नी अशी तीन सुरांची इवलीशी पायरी आहे. दिसायला फार सोपं, पण इतक्या कमी सुरांत लय न सांडता बसणं कठीण. लगेच घेऊ नका.

परीक्षांचं विचारलंत. द्यायच्या असतील तर आनंदाने द्या, पण रॉकसाठी त्या आधी द्याव्यात असं अजिबात नाही. रॉकमध्ये पियानो पाहुणा म्हणून आलेला नाही. १९५० च्या दशकात फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस यांनी हे संगीत उभं केलं ते पियानोवर बसून. जेरी ली तर उभा राहूनही वाजवायचा. चर्चमध्ये आणि बारमध्ये कानाने शिकलेली माणसं होती ही. तुम्हीही कानानेच शिकलात. परीक्षेतून एकच गोष्ट उसनी घ्या : दोन्ही हातांनी आरोह-अवरोह, ठरलेल्या बोटांनी. पेटीवर आपण अंगठा सोयीने कुठेही टाकतो. पियानोवर अंगठा बाकीच्या बोटांखालून कधी सरकवायचा याचे नियम आहेत आणि ते हाताचं रक्षण करतात. डाव्या मनगटात कळ आली तर त्या दिवशी थांबा. सप्तकभर ताणलेला हात सलग वापरायची सवय सत्तेचाळीसाव्या वर्षी हळूहळूच लावावी लागते.

‘लेट इट बी’ला मी दोन महिने देईन, ‘क्लॉक्स’ला तेवढेच. ‘पियानो मॅन’ पावसाळ्यापर्यंत. दोन गाणी एका वेळी हातात ठेवा, एक बसलेलं आणि एक अडलेलं, म्हणजे कुठलाच दिवस रिकामा जात नाही.

आणि मुलीला या सगळ्यात घ्या. तिचा कान चांगला आहे, तिने पहिल्याच झटक्यात नेमकं ओळखलं. ‘लेट इट बी’चे चार कॉर्ड न अडखळता फिरायला लागले, की तिला म्हणा, आता तू गा, मी फक्त साथ करतो. पांढरी एक तिला खाली पडेल कदाचित. ती कुठे मोकळी गाते ते आधी शोधा. पांढरी चार निघाली तर कॉर्ड होतील एफ, सी, डी मायनर, बी फ्लॅट. पांढरी पाच निघाली तर जी, डी, ई मायनर, सी. दोन्ही आजच कागदावर लिहून ठेवा.